टीव्हीच्या मागची जोडणी: कुठली केबल कुठे, आणि कुठल्या क्रमाने

टीव्ही नवा येतो, पण त्याला जोडायची यंत्रं वेगवेगळ्या काळांतली असतात. पुण्यात कोथरूड-बाणेरकडच्या एखाद्या हॉलमध्ये डोकावलं तर ५५ इंची ४के टीव्ही, डीटीएचचा बॉक्स, मुलांचा गेमिंग कन्सोल, कधीकाळी हौसेने घेतलेला एव्ही रिसीव्हर (यंत्रांचं चित्र-आवाज घेऊन स्पीकर चालवणारा डबा) आणि पाच स्पीकर एवढं हमखास दिसतं. शिवाय माळ्यावर डीव्हीडी प्लेयर असतो आणि कपाटात कुणाच्या तरी मुंजीची व्हीएचएस कॅसेट. या सगळ्यांना एकाच पडद्यावर आणायचं तर बहुतेक लोक आधी तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जाऊन केबल आणतात आणि मग ती कुठे बसते ते शोधतात. क्रम नेमका उलटा हवा. आधी यंत्रं, मग त्यांची सॉकेट, मग सिग्नलचा रस्ता, मग लांबी, आणि केबल सगळ्यात शेवटी.

आधी कागद-पेन

मोबाइलचा टॉर्च लावून प्रत्येक यंत्राच्या पाठीचा फोटो काढा. टीव्ही भिंतीला टेकवून लावलेला असेल तर फोन व्हिडिओवर ठेवून मागून फिरवा. मग कागदावर प्रत्येक यंत्रासमोर दोन गोष्टी लिहा: बाहेर काय निघतं आणि आत काय जातं. 'आउट' आणि 'इन' हे शब्द सॉकेटच्या शेजारी छापलेले असतात. डीव्हीडी प्लेयरचा 'आउट' टीव्हीच्या 'इन'मध्ये जातो, हे ऐकायला बाळबोध वाटतं. पण रिसीव्हरला दोन्ही प्रकारची एचडीएमआय सॉकेट असतात, आणि तिथेच निम्म्या जोडण्या चुकतात.

टीव्हीची एचडीएमआय सॉकेट दिसायला सारखी असली तरी कामाला सारखी नसतात. चारपैकी एकावरच 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलेलं असतं, म्हणजे तिथून टीव्हीचा आवाज उलटा रिसीव्हरकडे जाऊ शकतो, आणि '४के १२० हर्ट्झ' हे अनेक टीव्हींत एकदोन सॉकेटपुरतंच असतं. कुठल्या नंबरवर काय छापलंय ते तसंच्या तसं उतरवून घ्या. पुढचा सगळा हिशोब त्या कागदावरच होणार आहे.

सॉकेट ओळखायची कशी

सगळ्यात जुनं म्हणजे अँटेनाचं गोल सॉकेट. १९७३ पासून सिंहगडावरच्या टॉवरवरून दूरदर्शन पुण्यात दिसू लागलं, तेव्हा गच्चीवरच्या अँटेनाची वायर याच सॉकेटात यायची. आता गच्चीवरच्या डिशमधून येते ती ७५ ओहमची कोएक्स केबल, बहुतेक आरजी-६. तिच्या टोकाला पेचाचा एफ कनेक्टर असतो. ती सेट-टॉप बॉक्सलाच जाते, टीव्हीच्या अँटेना सॉकेटात नाही. डिशवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या डबीला) बॉक्स याच केबलमधून १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो. त्यामुळे कनेक्टर पिळताना बाहेरच्या जाळीचा एखादा केस मधल्या तांब्याला चिकटला तर सिग्नल तर जातोच, शिवाय बॉक्सही बिघडू शकतो.

पिवळी-लाल-पांढरी त्रयी सगळ्यांना माहीत आहे. चित्र एकट्या पिवळ्यातून येतं, लाल उजवा आवाज आणि पांढरी डावा. पिवळ्यात उजेड आणि रंग एकाच तारेवर कोंबलेले असतात, म्हणून रंगीत कडांवर ठिपके सरकल्यासारखे दिसतात. भारतातल्या पाल पद्धतीत या चित्राला ५७६ ओळी मिळतात, त्यापुढे नाही. चार बारीक पिनांचं गोल एस-व्हिडिओ सॉकेट उजेड आणि रंग वेगळे नेतं, त्यामुळे जुन्या कॅमकॉर्डरला ते असेल तर पिवळीऐवजी तेच वापरा.

हिरवी-निळी-लाल ही कंपोनंट. इथे गोंधळ असा, की या जोडणीत दोन लाल पिना येतात, एक चित्राची आणि एक उजव्या आवाजाची. पाचही वायरी एकदम घुसवू नका. आधी चित्राच्या तिन्ही लावा, चित्र नीट आलं की मग आवाजाच्या. काही टीव्हींत हिरवं आणि पिवळं सॉकेट एकच असतं. तिथे पिवळी पिन लावल्यावर चित्र कृष्णधवल आलं, तर बहुतेक वेळा रिमोटवरून 'कंपोनंट' निवडलेलं असतं. 'एव्ही' करा, रंग येतील. कंपोनंटमधून एचडी चित्र जाऊ शकतं, पण ब्लू-रे प्लेयरसाठी त्याचा फार भरवसा धरू नका. २०१३ नंतर तयार झालेल्या प्लेयरमधून ब्लू-रेचं चित्र अॅनालॉग तारेवर द्यायला परवाना देणाऱ्यांनीच बंदी घातली.

अलीकडच्या पातळ टीव्हींत तीन रंगीत सॉकेटांना जागाच नसते. त्याऐवजी हेडफोनसारखं ३.५ मिलिमीटरचं एक भोक असतं, शेजारी 'एव्ही इन' लिहिलेलं, आणि डब्यात एक वीतभर वायर येते. एका टोकाला तीन कड्यांची पिन, दुसऱ्या टोकाला तीन रंगीत सॉकेट. ही वायर टाकून देऊ नका. बाजारात हुबेहूब तशीच मिळते, पण पिनेवरच्या चार भागांचा क्रम कंपनीगणिक बदलतो. दुसरी वायर लावून आवाजात घुर्रर्र आणि पडद्यावर काहीच नाही असं झालं, तर आधी लाल पिन पिवळ्याच्या जागी लावून पाहा. कॅमकॉर्डरच्या जुन्या वायरी अनेकदा अशा चालून जातात. नाहीच चालली, तर पिनेवरच्या अर्थिंगच्या भागाचा क्रमही वेगळा आहे आणि त्याच टीव्हीसाठीची वायर मिळवण्याला पर्याय नाही.

व्हीजीए म्हणजे तीन ओळींत १५ पिना आणि दोन बाजूंना स्क्रू. चित्र अॅनालॉग, आवाज नाही. डीव्हीआय पांढरट आणि रुंद. डिजिटल डीव्हीआय आणि एचडीएमआय यांच्यात नुसत्या साध्या जोडाने काम होतं, कारण चित्राचा सिग्नल तोच असतो. आवाज मात्र वेगळा न्यावा लागतो. लॅपटॉपच्या यूएसबी-सी भोकाबद्दल एकच: सगळ्या यूएसबी-सी भोकांतून चित्र निघत नाही. शेजारी डिस्प्लेपोर्टचं किंवा थंडरबोल्टचं चिन्ह आहे का ते बघा, नाहीतर मॉडेलच्या माहितीपत्रकात खात्री करा, आणि मगच अॅडॉप्टरला पैसे द्या.

एचडीएमआय: डब्यावरची अक्षरं

"साहेब, २.१ ची घ्या, फ्यूचर प्रूफ आहे," असं काउंटरवर ऐकू येतं. २.०, २.१ हे आकडे यंत्रांचे. केबलचा वर्ग वेगाने ठरतो. हाय स्पीड, प्रीमियम हाय स्पीड आणि अल्ट्रा हाय स्पीड ही तीन नावं लक्षात ठेवली तरी पुरे. फुल एचडी चित्राला सेकंदाला ६० फ्रेमने साधारण ४.५ गिगाबिट लागतात. ४के म्हणजे चौपट ठिपके, म्हणून ६० फ्रेमला जवळपास १८ गिगाबिट, आणि प्रीमियम हाय स्पीड केबल तेवढ्यासाठीच तपासलेली असते. अल्ट्रा हाय स्पीड ४८ गिगाबिटसाठी. ती लागते फक्त ४के १२० फ्रेमने खेळणाऱ्या कन्सोलला किंवा तगड्या ग्राफिक्स कार्डच्या कॉम्प्युटरला.

डीटीएचचा एचडी बॉक्स बहुतेक १०८०आय, म्हणजे फुल एचडीएवढ्याच ओळींचं चित्र देतो. त्याच्यासोबत आलेली फुकटची केबल त्याला पुरून उरते. सोनेरी टोकाची, वेणी घातलेली महागडी केबल लावून रंग खुलतात हे कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि पुढच्या दुकानात जा. सिग्नल डिजिटल आहे. केबल कमी पडली तर रंग फिके होत नाहीत, पडद्यावर पांढरे चमचमते ठिपके येतात, चित्र क्षणभर जातं-येतं, नाहीतर अजिबात येत नाही. ही लक्षणं नसतील तर केबल तिचं काम पूर्ण करते आहे. आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत '८के' छापलंय एवढ्यावर विश्वास ठेवू नका. खऱ्या अल्ट्रा हाय स्पीड केबलच्या डब्यावर स्कॅन करता येणारं लेबल असतं, ते दुकानातच फोनवर तपासता येतं.

मध्यभागी कोण, टीव्ही की रिसीव्हर?

सगळ्या जोडणीतला हा खरा निर्णय आहे. रिसीव्हर नवा असेल आणि ४के पास करत असेल, तर सगळी यंत्रं रिसीव्हरला लावा आणि त्याच्या 'एचडीएमआय आउट'मधून टीव्हीच्या एआरसी सॉकेटला एकच केबल न्या. चित्र रिसीव्हरकडून टीव्हीकडे जाईल, आणि टीव्हीतल्या अॅपचा आवाज त्याच केबलमधून उलटा रिसीव्हरकडे येईल.

पण आपल्याकडे बहुतेक घरांत रिसीव्हर टीव्हीपेक्षा जुना असतो, आणि धडधाकट असतो. ४के यंत्र त्यातून नेलं तर चित्र १०८०पी (फुल एचडी) वर उतरतं किंवा कॉपी-संरक्षणाच्या एचडीसीपी २.२ वर अडकून काळा पडदा येतो. रिसीव्हर बदलायची अजिबात गरज नाही. ४के यंत्रं थेट टीव्हीला लावा, आणि आवाज टीव्हीकडून रिसीव्हरकडे न्या. फुल एचडीवालं जे असेल, म्हणजे जुना ब्लू-रे प्लेयर वगैरे, ते रिसीव्हरमध्येच राहू द्या.

आवाजाच्या परतीचे तीन रस्ते आहेत. ऑप्टिकल (प्रकाशाने आवाज नेणाऱ्या) केबलमधून डॉल्बी डिजिटल ५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि सबवूफरचा आवाज, जातं, ओटीटीवर येणारं डॉल्बी डिजिटल प्लस जात नाही, म्हणून अॅटमॉस (वरूनही आल्यासारखा वाटणारा आवाज) देखील नाही. साध्या एआरसीमधून डॉल्बी डिजिटल प्लस आणि त्यातलं अॅटमॉस जाऊ शकतं. ब्लू-रेवरचं ट्रू-एचडी किंवा कन्सोलचं अनेक चॅनेलचं पीसीएम (न दाबलेला आवाज) हवं असेल तर ईएआरसी दोन्ही टोकांना पाहिजे. पाच स्पीकरचा जुना सेट असेल तर ऑप्टिकलने समाधानाने काम होतं. फक्त तिच्या टोकांवरच्या प्लास्टिकच्या बारीक टोप्या काढायला विसरू नका आणि ती काटकोनात मोडू नका.

लांबी आणि भिंतीतला पाइप

टीव्हीखालच्या कपाटापासून टीव्हीपर्यंत दीड-दोन मीटर पुरतात. जास्तीची वळकटी ठेवण्यात फायदा नाही. तांब्याच्या साध्या केबलने १८ गिगाबिट पाच मीटरपर्यंत बहुधा निभतात, ४८ गिगाबिटला तीन मीटरच्या पुढे भरवसा कमी. प्रोजेक्टर छताला लावायचा असेल तर केबल दहा-बारा मीटर होते, आणि तिथे ऑप्टिकल फायबरवाली अॅक्टिव्ह एचडीएमआय केबल घ्यावी. तिला दिशा असते. एका टोकावर 'सोर्स', दुसऱ्यावर 'डिस्प्ले' लिहिलेलं असतं. उलटी लावली तर काहीच दिसत नाही, आणि भिंतीत गेल्यावर हे कळलं तर सगळी ओढून काढावी लागते. म्हणून भिंतीत घालण्याआधी ती जमिनीवरच पसरून, दोन्ही यंत्रं जोडून, अर्धा तास ४के चित्र चालवून बघा.

आता पाइपचं बोलू. इलेक्ट्रिशियनला नुसतं "टीव्हीसाठी पाइप टाका" सांगितलं तर तो विजेच्या वायरसाठीचा नेहमीचा २० किंवा २५ मिलिमीटरचा पाइप टाकतो. एचडीएमआय पिनेचं नुसतं धातूचं तोंड १४ मिलिमीटर रुंद आणि भोवतीचं प्लास्टिक २० च्या आसपास. सरळ पाइपमधून ती कशीबशी जाते, एल्बो आला की रुतून बसते. प्लास्टर व्हायच्या आधी सांगा: कमीत कमी ४० मिलिमीटरचा पाइप, काटकोनाऐवजी लांब वळणाचा बेंड, आणि आत नायलॉनची दोरी ओढून दोन्ही टोकांना बांधलेली. काम झालं की केबलबरोबर दुसरी दोरीही आत सोडून ठेवा. पाइप आधीच बारीक टाकलेला असेल तर टोकाची पिन वेगळी होणारी अॅक्टिव्ह केबल मिळते. तिचं उघडं टोक छोटं असतं, ते ओढून घेऊन पलीकडे पिन बसवायची. पेठांमधल्या जुन्या घरांत जाड भिंती फोडण्यापेक्षा कडेने पट्टीचं केसिंग मारलेलं बरं. दिसायला फार वाईट नाही, आणि दुरुस्तीला सोपं. २३० व्होल्टच्या वायरी मात्र या पाइपमध्ये अजिबात नकोत.

कन्व्हर्टर: उलटसुलट जुळी भावंडं

टीव्हीला एव्ही सॉकेट अजिबातच नसेल तरच हे लागतं. काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा, काळा किंवा पांढरा प्लास्टिकचा डबा. एका बाजूला तीन रंगीत सॉकेट, दुसऱ्या बाजूला एचडीएमआय, कडेला ५ व्होल्टचं यूएसबी भोक आणि ७२०/१०८० ची सरकपट्टी. अडचण ही, की एव्हीचं एचडीएमआय करणारा आणि एचडीएमआयचं एव्ही करणारा, दोन्ही डबे अगदी असेच दिसतात. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. "काका, एव्ही टू एचडीएमआय देऊ का एचडीएमआय टू एव्ही?" या प्रश्नाला घाईत "तेच ते" म्हणू नका. व्हीसीआर किंवा डीव्हीडी नव्या टीव्हीला लावायचा तर एव्ही टू एचडीएमआय. डबा काउंटरवरच उघडा आणि 'इनपुट' ही बारीक अक्षरं रंगीत सॉकेटांच्या बाजूला आहेत ना ते वाचा. नव्या स्ट्रीमिंग स्टिकला बेडरूममधल्या जुन्या पेटी टीव्हीला लावायचं तर दुसरा.

हे डबे बाहेरून वीज मागतात. टीव्हीच्या यूएसबीवर चालतात, पण चित्र थरथरलं तर मोबाइलचा चार्जर लावून बघा. सरकपट्टी १०८० वर नेली म्हणून व्हीएचएसमध्ये नसलेला तपशील येत नाही. टीव्हीवरून मात्र चित्राचं प्रमाण ४:३ करा, नाहीतर मुंजीतला बटू आणि त्याचे मामा दोघेही आडवे पसरतात. कॅसेट घालण्याआधी तिची खिडकी उजेडात धरा. पुण्याच्या पावसाळ्यांतून गेलेल्या कॅसेटच्या रिळावर पांढरी बुरशी धरलेली असते, आणि तशीच चालवली तर व्हीसीआरचं हेड भरतं. फुनाई या शेवटच्या उत्पादकाने २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, त्यामुळे चालू असलेलं यंत्र जपण्यासारखं आहे.

स्विच आणि स्प्लिटर यांचीही अशीच अदलाबदल होते. अनेक यंत्रं, एक टीव्ही: स्विच. एक यंत्र, दोन पडदे: स्प्लिटर. स्प्लिटरवर एक पडदा फुल एचडी असला तर दुसऱ्या ४के पडद्यालाही बहुधा फुल एचडीच मिळतं.

जोडताना

सगळ्या यंत्रांचे प्लग काढा, नुसतं रिमोटने बंद करून भागत नाही. एचडीएमआय चालू असताना लावता येते हे खरं, पण दोन पिनांच्या प्लगवर चालणाऱ्या बॉक्सच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, त्या कशाच्या? आतल्या पॉवर सप्लायमधून थोडा विद्युतदाब बाहेरच्या धातूवर गळत असतो. केबल घुसवताना तो नेमका एचडीएमआयच्या नाजूक पिनांवरून वाट काढू शकतो. टीव्ही, रिसीव्हर, बॉक्स सगळं एकाच चांगल्या एक्स्टेंशनच्या पट्टीवर घ्या आणि तिला खरं अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्या वाड्यांत तीन भोकांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. स्पीकरमधून घूं असा आवाज येतो म्हणून प्लगची जाड पिन काढून टाकण्याचा उपाय कुणी सांगितला तर ऐकू नका. आधी डिशची किंवा केबलवाल्याची कोएक्स काढून बघा. आवाज थांबला तर दोष तिथला, आणि तिच्यावर आयसोलेटर (अर्थिंगचा संबंध तोडणारा जोड) लावता येतो.

एप्रिल-मे मध्ये दुपारी वळवाचे ढग दाटून आले की प्लग काढाच, आणि कडकडाट सुरू होण्याआधी डिशची केबलही बॉक्समधून पिळून काढा. गच्चीवरून घरात येणारी ती तार आहे, आणि एचडीएमआयमधून तिचा फटका थेट टीव्हीपर्यंत पोचतो.

प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना मास्किंग टेप गुंडाळून पेनाने नाव लिहा. मग प्लग लावा आणि या क्रमाने चालू करा: टीव्ही, रिसीव्हर, मग यंत्र. टीव्ही आपण काय काय दाखवू शकतो याची यादी यंत्राला देतो आणि यंत्र त्यावरून चित्र ठरवतं. ही बोलणी फसली की काळा पडदा येतो. तेव्हा सगळं बंद करून याच क्रमाने पुन्हा लावलं की बहुधा सुटतं.

सेटिंग, जी दुकानदार करून देत नाही

४के यंत्र लावूनही एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला) दिसत नसेल तर केबलला दोष देण्याआधी टीव्हीच्या मेनूत जा. बऱ्याच टीव्हींत एचडीएमआय सॉकेटचा पूर्ण वेग हाताने उघडावा लागतो. सॅमसंगमध्ये त्याला 'इनपुट सिग्नल प्लस' म्हणतात, सोनीत 'एन्हान्स्ड फॉरमॅट', एलजीत 'डीप कलर'. ज्या सॉकेटला ४के यंत्र लावलंय तेवढ्यालाच चालू करा. जुन्या डीटीएच बॉक्सच्या सॉकेटला ते साधंच ठेवा, नाहीतर तो रुसू शकतो.

एआरसी चालायला बहुतेक टीव्हींत सीईसी, म्हणजे एचडीएमआयवरून यंत्रांनी एकमेकांना हुकूम देण्याची सोय, चालू लागतं. तेही प्रत्येकाने आपल्या नावाने लपवलंय: अॅनीनेट प्लस, सिम्पलिंक, ब्राव्हिया सिंक. मग आवाजाच्या मेनूत 'डिजिटल आउट' पीसीएमवर असेल तर ते 'ऑटो' किंवा 'पास-थ्रू' करा. पीसीएमवर राहिलं तर ऑप्टिकलमधून फक्त दोन चॅनेल जातात आणि मागचे दोन स्पीकर नुसतेच शोभेला उभे राहतात.

राहिलं ओठ आणि आवाज जुळवणं. आवाज चित्राच्या आधी येत असेल तर रिसीव्हरमध्ये 'लिप सिंक' किंवा 'ऑडिओ डिले' नावाने मिलिसेकंद वाढवता येतात. बातम्या वाचणारा माणूस समोर ठेवा आणि 'प', 'ब', 'म'ला ओठ मिटतात त्यावर नजर ठेवून दहा-दहाने वाढवा. आवाज चित्राच्या मागे पडत असेल तर हा उपाय उलटा पडेल. तिथे टीव्हीवर 'पास-थ्रू' करा, आणि तरीही मागेच राहिला तर ते यंत्र टीव्हीऐवजी रिसीव्हरला लावून बघा.